हॉट प्रेसमध्ये बोर्डाची घनता कशी ठरते: प्रेसवर नव्याने उभं राहणाऱ्यांसाठी

गेजचा काटा वर नेला की बोर्ड जास्त घट्ट होतो, असं प्रेसवर नव्याने आलेल्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं. त्यात त्याचा दोष नाही. रबर मोल्डिंग किंवा पावडर प्रेसिंग बघून आलेल्या माणसाला दाब म्हणजे घट्टपणा हेच समीकरण माहीत असतं. फायबरबोर्डाचं, म्हणजे लाकडाच्या तंतूंपासून बनवलेल्या बोर्डाचं, तसं नसतं. बोर्डाची सरासरी घनता प्रेस सुरू होण्याआधीच दोन आकड्यांनी ठरलेली असते: मॅटमध्ये (प्रेसमध्ये जाणाऱ्या सैल फायबरच्या थरात) किती माल टाकला आणि शेवटी किती जाडीवर थांबायचं. प्रेसच्या हातात उरतं ते वाटप. तीच घनता वरच्या-खालच्या पापुद्र्यात किती जाणार आणि पोटात किती राहणार, हे उष्णता, वाफ आणि प्लेटन (प्रेसच्या दोन गरम पाट्या) मिटण्याचा वेग मिळून ठरवतात.

सांगलीत कुठल्याही प्लायवूडच्या दुकानात गिऱ्हाईक बोर्डाचा कोपरा उचलून बघतं आणि म्हणतं, "जड आहे, म्हणजे चांगला आहे." त्याच्या हाताला कळते ती सरासरी. पण बिजागरीचा स्क्रू बोर्डाच्या कडेतून आत शिरतो तेव्हा त्याला पोट भेटतं, आणि शेल्फ वाकतं तेव्हा ओझं पृष्ठभाग पेलतात. सारख्याच वजनाचे दोन बोर्ड या दोन कामांत एकमेकांच्या उलट वागू शकतात. म्हणून हे सगळं समजून घ्यायचं.

खालचा सगळा हिशेब छोट्या ट्रायल प्रेसचा आहे. कुपवाड, मिरज, सातारा किंवा कराडजवळच्या तासवडे एमआयडीसीत रबर मोल्डिंगचा जुना हायड्रॉलिक प्रेस शोधला तर मिळू शकतो, आणि शिकायला तो चालतो. प्लेटन निदान ४०० बाय ४०० मिमी हवेत, हीटर १८० अंशांपर्यंत जायला हवेत आणि दोन प्लेटनमधली मोकळी जागा पुरेशी हवी. ही जागा आधी मोजा, ती का लागते ते पुढे येईलच.

आधी आकडा ठरवा

घनता म्हणजे वजन भागिले आकारमान. आपल्या धंद्यात ती किलो प्रति घनमीटरमध्ये बोलतात, आणि पुढे मी नुसता आकडा लिहीन. ४०० च्या खाली सॉफ्टबोर्ड, साधारण ६०० ते ८०० एमडीएफ (मध्यम घनतेचा फायबरबोर्ड), ८०० च्या वर एचडीएफ (उच्च घनतेचा), ९०० च्या पुढे हार्डबोर्ड. भारतात एमडीएफसाठी आयएस १२४०६ आणि चाचण्यांसाठी आयएस २३८० ही मानकं आहेत. माल विकायचा विचार असेल तर दोन्ही जवळ ठेवा.

लाकडाच्या पेशीभिंतीची स्वतःची घनता सुमारे १५०० असते, मग लाकूड कुठलंही असो. म्हणजे ७५० च्या बोर्डात ढोबळमानाने निम्मी जागा रिकामी असते. प्रेस ही रिकामी जागा कमी करतो, पेशीभिंत दाबत नाही. ८ बाय ४ चा, १८ मिमी जाडीचा बोर्ड ७५० घनतेचा असेल तर साधारण ४० किलो भरतो. दुकानात उचलून अंदाज घ्यायला हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

वजनाचा हिशेब

समजा आपल्याला ३०० बाय ३०० मिमी, १० मिमी जाड, ७५० घनतेचा बोर्ड हवाय. आकारमान ९०० घनसेंमी, म्हणून तयार बोर्डाचं वजन ६७५ ग्रॅम. त्यात ६ टक्के ओलावा धरला तर कोरडा माल ६३७ ग्रॅम. यात फायबरही आला आणि रेझिनचा, म्हणजे फायबर चिकटवणाऱ्या गोंदाचा, घन भागही. रेझिन कोरड्या फायबरच्या १० टक्के घेतलं, तर फायबर ५७९ ग्रॅम आणि रेझिनचा घन भाग ५८ ग्रॅम.

नवीन माणूस अडखळतो तो इथून पुढे. यूरिया फॉर्माल्डिहाइड रेझिन बाटलीत पातळ असतं. घन भाग ६० टक्के असेल तर ५८ ग्रॅमसाठी जवळपास ९७ ग्रॅम पातळ रेझिन ओतावं लागतं, आणि त्यासोबत ३९ ग्रॅम पाणी फुकटात येतं. मॅटमध्ये एकूण ओलावा १० टक्के हवा असेल तर सगळ्या मॅटमध्ये ६४ ग्रॅम पाणी चालतं. म्हणजे फायबरमध्ये आधीपासून फक्त २५ ग्रॅम पाणी असायला परवानगी, म्हणजे चार-सव्वाचार टक्के. उघड्यावर ठेवलेला फायबर इतका कोरडा क्वचितच असतो. तो ओव्हनमध्ये किंवा गरम हवेच्या ड्रायरमध्ये वाळवूनच घ्यावा लागतो.

मोठ्या कारखान्यात ही अडचण येत नाही. तिथे रेझिन रिफायनरमधून (लाकूड दळून फायबर काढणाऱ्या यंत्रातून) सुटणाऱ्या ओल्या फायबरवर नळीतच मारतात आणि मग सगळं एकत्र वाळवून ८ ते ११ टक्क्यांवर आणतात. आपण ड्रममध्ये फवारतो, म्हणून आधी वाळवायचं. हार्डनर (रेझिन पिकवणारं रसायन) घाला आणि मेणाचं इमल्शन अर्धा ते एक टक्का घाला. त्यातलं पाणीही हिशेबात धरा.

शेवटी मॅट साधारण ७०० ग्रॅमची होते. ड्रमच्या भिंतीला माल चिकटतो, कडेने सांडतो, म्हणून थोडा जास्त बनवा. पण फॉर्मिंग बॉक्समध्ये टाकताना वजन करूनच टाका. घनतेतली निम्मी गडबड वजनकाट्यापाशीच होते आणि आळ प्रेसवर जातो.

ओलावा: इथे घाई नको

ओलावा घनतेत दोन वाटांनी हात घालतो. एक, पाणी आणि उष्णता मिळून लाकडातलं लिग्निन आणि हेमिसेल्युलोज मऊ करतात. मऊ फायबर कमी दाबात बसतो, कोरडा फायबर कडक राहतो आणि स्प्रिंगसारखा उलटा ढकलतो. दोन, प्लेटनला टेकलेल्या थरातलं पाणी वाफ होऊन आत पळतं आणि मधला भाग तापवतं. लाकडातून नुसती उष्णता वाहायची तर फार वेळ लागला असता. १० मिमीचा बोर्ड काही मिनिटांत शिजतो तो या वाफेच्या जिवावर.

म्हणून मॅट फार कोरडी झाली तर दोन तोटे: प्रेस ठरलेल्या जाडीवर पोचायला जास्त दाब मागतो आणि पोट उशिरा तापतं. फार ओली झाली तर वाफ अडकते आणि बोर्ड फुटतो. यूरिया रेझिनला साधारण ८ ते १२ टक्क्यांची पट्टी सांभाळायची.

आपल्याकडे ऋतूंमधला फरक मोठा आहे. एप्रिलच्या दुपारी सांगलीच्या हवेत फायबर पाच-सहा टक्क्यांपर्यंत आपोआप उतरू शकतो. जुलैत साताऱ्याच्या पश्चिमेला, कोयना-महाबळेश्वरच्या अंगाला, तोच फायबर पोत्यात बसून १५ टक्क्यांच्या वर जाईल. त्यामुळे "कालच्याच पोत्यातला आहे" याला काही अर्थ नाही. प्रत्येक वेळी २० ग्रॅम नमुना घ्या, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा, कमी झालेलं वजन भागिले कोरडं वजन. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळा: हार्डनर घातलेलं रेझिन उकाड्यात लवकर घट्ट होतं. जेवायला जाऊन आल्यावर वापरायचं म्हणून ते करून ठेवू नका.

एक छोटी युक्तीही आहे. मॅटच्या फक्त वरच्या-खालच्या पृष्ठभागावर थोडं पाणी फवारलं की बाहेरचे थर झटकन मऊ होतात आणि वाफेचा झटका जोरात आत जातो. पृष्ठभाग घट्ट आणि गुळगुळीत येतो. मात्र ते पाणी एकूण हिशेबातलंच असतं, वरचं बक्षीस नव्हे.

बगॅसबद्दल (उसाच्या चोथ्याबद्दल) दोन शब्द

साखर कारखान्यांच्या पट्ट्यात हा प्रश्न येणारच: "चोथा फुकट पडलाय, त्याचा बोर्ड होईल का?" होतो. पण फुकट पडलेला नसतो. कारखाने बगॅस बॉयलरला आणि वीजनिर्मितीला जाळतात, आणि तो हंगामातच मिळतो. गुऱ्हाळाची चिपाडं मिळाली तरी त्यातला मऊ गर, म्हणजे पिथ, काढावा लागतो. तो रेझिन शोषून घेतो आणि ताकद काही देत नाही. शिवाय हॅमर मिलमधून (हातोड्यांनी कुटणाऱ्या चक्कीतून) काढलेला बगॅस हा खरा एमडीएफचा फायबर नसतो. एमडीएफचा फायबर माल वाफेवर शिजवून रिफायनरच्या तबकड्यांमधून काढतात. घनतेचे धडे गिरवायला हॅमर मिलचा माल पुरतो, त्यावरून बोर्डाच्या ताकदीचे दावे करू नका. बगॅस हलका असल्यामुळे तेवढ्याच वजनाची मॅट उंच होते, आणि तेवढ्याच जाडीवर आणायला जास्त दाबावी लागते.

मॅट घालणं

प्लायवूडची तळ नसलेली चौकट, आतून ३०० बाय ३००, म्हणजे फॉर्मिंग बॉक्स. फायबर हाताने टाकू नका. मोकळ्या जाळीतून गाळत टाका, नाहीतर गुठळ्या पडतात आणि प्रत्येक गुठळी बोर्डात घट्ट ठिपका बनते. तिच्या शेजारी सैल जागा राहते. वरून बघितल्यावर सपाट दिसणारी मॅट आतून ओबडधोबड असू शकते, कारण फायबर मधोमध ढीग करतो आणि कडा उपाशी राहतात. कोपऱ्यांपासून सुरुवात करून मध्यावर या.

मोकळ्या फायबरची घनता ३० च्या आसपास धरली तर ७०० ग्रॅमची ही मॅट सुमारे २६० मिमी उंच होते. दहा मिमीच्या बोर्डासाठी! म्हणूनच प्लेटनमधली जागा आधी मोजायला सांगितली. चौकटीतच लाकडी झाकण घालून थंड दाब द्या, मॅट ८०-१०० मिमीवर येईल आणि उचलताना ढासळणार नाही. खाली-वर पातळ ॲल्युमिनियमचे पत्रे, आणि रेझिन पत्र्याला चिकटू नये म्हणून टेफ्लॉन शीट. दोन्ही पत्रे एकाच जाडीचे आणि एकाच तापमानाचे हवेत. खालचा पत्रा आधीपासून तापलेला आणि वरचा थंड असेल तर बोर्डाच्या दोन बाजू वेगळ्या होतात आणि तो थंड झाल्यावर वाकतो.

जाडी ठरवायला मॅटच्या दोन्ही बाजूंना १० मिमीच्या लोखंडी पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे स्टॉपर. प्लेटन त्यांवर येऊन टेकली की पुढे जात नाही.

गेज काय सांगतं

गेज तेलाचा दाब दाखवतं, बोर्डावरचा नव्हे. बोर्डावरचा दाब काढायला तेलाचा दाब गुणिले रॅमचं (प्लेटन ढकलणाऱ्या दट्ट्याचं) क्षेत्रफळ, भागिले मॅटचं क्षेत्रफळ. रॅमचा व्यास २०० मिमी असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौसेंमी. मॅट ९०० चौसेंमीची. मॅटवर ३५ किलो प्रति चौसेंमी हवा असेल तर साडेएकतीस टन जोर लागतो, म्हणजे गेजवर १०० किलो प्रति चौसेंमी दिसायला हवेत. हा तक्ता करून प्रेसवर चिकटवा. भागताना मॅटचंच क्षेत्रफळ घ्यायचं, प्लेटनचं नाही.

सुरुवातीच्या दाबासाठी ३० ते ५० किलो प्रति चौसेंमी ही साधारण पट्टी. प्लेटन स्टॉपरला टेकली की पुढचा सगळा जादा दाब लोखंडी पट्ट्यांवर जातो, बोर्डावर नाही. इथून पुढे पंप चालवत राहिलात तर घनता एका ग्रॅमनेही वाढत नाही, प्लेटन वाकायची भीती मात्र वाढते. उलट, प्लेटन स्टॉपरला टेकलीच नाही तर बोर्ड जाड येतो आणि घनता पडते. दहाऐवजी १०.६ मिमी आला तर त्याच ६७५ ग्रॅमची घनता ७५० वरून ७०८ वर येते. अशा वेळी आधी मॅटचा ओलावा तपासा. दाब वाढवणं हा दुसरा उपाय.

प्लेटन मिटायचा वेग

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. वरची प्लेटन मॅटला टेकली तिथपासून स्टॉपरला पोचेपर्यंतचा वेळ घड्याळात मोजायचा. बोर्डाच्या आतली घनता मुख्यतः या काळात वाटली जाते.

काय होतं ते क्रमाने बघा. प्लेटन १७०-१८० अंशांवर आहे. टेकल्याबरोबर मॅटचा बाहेरचा थर तापतो, त्यातलं पाणी त्याला मऊ करतं. मधला भाग अजून खोलीच्या तापमानाला आहे, थंड आणि ताठ. सगळ्या थरांवर दाब सारखाच असतो, कारण ते एकावर एक आहेत. सारख्या दाबाला मऊ थर जास्त बसतो आणि ताठ थर कमी. म्हणून प्लेटन लवकर मिटवली तर सगळी दाबणी बाहेरच्या थरांत होते. ७५० सरासरीच्या बोर्डात पृष्ठभागाजवळ ९०० ते १००० किंवा त्याच्याही वर, आणि पोटात ६०० ते ६५०, असं चित्र साधारणपणे दिसतं. जाडीनुसार घनतेचा आलेख काढला तर दोन टोकांना शिखरं आणि मध्ये खड्डा.

आता तीच मॅट सावकाश मिटवा. उष्णतेला आणि वाफेला आत शिरायला वेळ मिळतो, मधला भागही मऊ होऊ लागतो आणि दाबणीतला आपला वाटा घेतो. आलेख सपाट होतो. पोट घट्ट येतं. पण याची किंमत पृष्ठभागावर मोजावी लागते. अगदी बाहेरचा थर गरम प्लेटनला टेकून बसलेला असतो, आणि पुरेसा दाब येण्याआधीच त्यातलं रेझिन पिकून जातं. पिकलेलं रेझिन फायबरना नंतर धरत नाही. मग बोर्डावर नखाने खरवडला जाईल असा भुसभुशीत पापुद्रा राहतो आणि घनतेचं शिखर पृष्ठभागापासून थोडं आत सरकतं. कारखान्यात बोर्ड घासतात त्याचं एक कारण हा पापुद्रा. घासून जो माल जातो तोही आपल्याच वजनाच्या हिशेबातला असतो.

खालच्या बाजूला हा त्रास जास्त, कारण वरची प्लेटन येईपर्यंत मॅट खालच्या गरम प्लेटनवर बसून असते. मॅट आत सरकवली की दाब येईपर्यंत हातपाय हलवा, फोन नंतर उचला.

स्टॉपरला टेकल्यावर गेजकडे बघत राहिलात तर एक गंमत दिसेल: मॅटचा उलटा जोर हळूहळू कमी होत जातो. वाफ आत पोचून मधला भाग मऊ पडतो आणि ताण सैल होतो. या काळात एका थरातून दुसऱ्यात थोडी घनता सरकते, एकूण बेरीज मात्र तीच राहते.

मधला मार्गही आहे. प्लेटन लवकर आणून अंतिम जाडीच्या ११५ ते १३० टक्क्यांवर थांबवायची, म्हणजे आपल्या उदाहरणात ११.५ ते १३ मिमीवर. थोडा वेळ थांबून वाफ आत जाऊ द्यायची आणि मग उरलेली दाबणी करायची. पृष्ठभागाला पहिल्या टप्प्यात त्याचा वाटा मिळतो, पोटाला दुसऱ्यात. जुन्या हाताच्या व्हॉल्व्हवर हे जमवायला सवय लागते, पण जमतं.

यातलं बरोबर कोणतं? बोर्ड कशासाठी हवा त्यावर अवलंबून. लॅमिनेट लावायच्या शेल्फला घट्ट पृष्ठभाग उपयोगी, कारण वाकताना सगळ्यात जास्त ताण बाहेरच्या थरांवर येतो. किचन ट्रॉलीच्या शटरवर राउटरने नक्षी कोरून रंग मारायचा असेल तर बिट थेट पोटात उतरतं. तिथे पोट सैल असेल तर खाचेत केस उभे राहतात आणि प्राइमरचे हातावर हात मारूनही ते बसत नाहीत. अशा बोर्डाला सपाट आलेख हवा. कडेतून स्क्रू मारायचा असेल तरीही पोटाकडे बघायचं. माझं मत विचाराल तर फर्निचरच्या कामासाठी लोक पृष्ठभागाचं कौतुक फार करतात आणि पोटाकडे दुर्लक्ष करतात.

तीन बोर्ड करून बघा

वाचून हे पटतं, पण हाताला कळत नाही. एकाच दिवशी, एकाच फायबरचे, एकाच रेझिनचे, ७००-७०० ग्रॅमच्या मॅटचे तीन बोर्ड करा. तापमान १७५ अंश, एकूण वेळ तिघांना सारखाच. फक्त मिटायचा वेळ बदला: पहिला १५ सेकंद, दुसरा ४० सेकंद, तिसरा ९० सेकंद. बाकी काहीही बदलायचं नाही, अगदी पत्रेही तेच, पण प्रत्येक वेळी थंड करून घेतलेले.

तिघांचं वजन आणि जाडी जवळपास सारखी येईल, म्हणून सरासरी घनताही. मग कडा करवतीने कापा आणि कापलेल्या बाजूवर अंगठ्याचं नख फिरवा. पहिल्याचं पोट मऊ लागेल, तिसऱ्याचा पृष्ठभाग.

शिजण्याचा वेळ आणि वाफ सोडणं

वेळेचा अंदाज जाडीवरून बांधतात, साध्या प्लेटन प्रेसला प्रत्येक मिमीसाठी ८ ते १५ सेकंद. दहा मिमीला १२ च्या हिशेबाने १२० सेकंद. खरी अट अशी, की पोटाचं तापमान १०० च्या वर जाऊन तिथलं रेझिन पिकायला हवं.

तेवढ्यात आत वाफ दाटलेली असते. १२० अंशांना वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण एक बार जास्त असतो. प्रेस एकदम उघडला तर ती वाफ बाहेर यायला वाट शोधते, आणि अर्धवट पिकलेला जोड तिला अडवू शकत नाही. तव्यावर भाकरी फुगते तसाच बोर्ड मधून फुगतो, "फट्ट" आवाज येतो आणि दोन भाकऱ्या हातात येतात. म्हणून शेवटची ३०-४० सेकंद दाब टप्प्याटप्प्याने उतरवायचा. प्लेटन स्टॉपरवरून उठू न देता आधी निम्मा, मग पाव, मग जवळजवळ शून्य. कडेतून सूं सूं करत वाफ निघते, तो आवाज थांबला की उघडा.

घनतेचा इथेही संबंध आहे. बोर्ड जितका घट्ट तितकी वाफेला बाहेर यायची वाट अरुंद. ७०० ला ज्या ओलाव्यावर आणि ज्या वेळेत बोर्ड नीट उघडतो, त्याच सेटिंगवर ८५० चा फुटू शकतो. घनता वाढवताना मॅटचा ओलावा एक-दोन टक्के खाली घ्या आणि वाफ सोडायला जास्त वेळ द्या. पृष्ठभाग फार घट्ट झाला असेल तर तोच झाकणासारखा वाफ अडवतो, हेही ध्यानात असू द्या.

सुरक्षेचं थोडक्यात: यूरिया रेझिन तापल्यावर फॉर्माल्डिहाइड सुटतो, डोळे चुरचुरतात. प्रेसवर एक्झॉस्ट फॅन हवाच. चामडी हातमोजे, चष्मा, आणि उघडताना तोंड कडेच्या समोर न्यायचं नाही.

बोर्ड मोजायचा कसा

गरम बोर्ड एकमेकांवर रचू नका. यूरिया रेझिनचे जोड आतल्या उष्णतेने आणि ओलाव्याने कमजोर होतात. उभे, मध्ये हवा खेळेल असे ठेवा. जाडीही लगेच मोजू नका. दाब सुटल्यावर बोर्ड थोडा उठतो आणि मग हवेतला ओलावा घेतो, म्हणून निदान एक दिवस जाऊ द्या.

चारही बाजूंनी २५ मिमी कापून टाका. कडा नेहमी सैल असतात, त्या मोजून स्वतःची फसवणूक होते. उरलेल्या २५० बाय २५० मधून ५० बाय ५० चे तुकडे कापा, कोपऱ्यांतले आणि मधले दोन्ही घ्या, प्रत्येकावर जागा लिहा. ०.०१ ग्रॅमचा काटा, जाडीसाठी मायक्रोमीटर. तुकडा १० मिमीचा आणि १८.७५ ग्रॅमचा असेल तर घनता ७५०. मधला तुकडा ७९० आणि कोपऱ्यातला ६९० आला, तर दोष मॅट घालण्यात आहे, प्रेसला हात लावू नका.

जाडीतली वाटणी बघायला मोठ्या प्रयोगशाळांत एक्स-रे यंत्र असतं, ते मिनिटांत आलेख काढतं. आपल्याकडे काच आणि सँडपेपर. काचेवर पेपर चिकटवा, तुकडा सपाट धरून अर्धा मिमी घासा. जाडी आणि वजन आधी-नंतर लिहा. ५० बाय ५० च्या तुकड्यातून अर्धा मिमी म्हणजे सव्वा घनसेंमी माल. त्याने १.२५ ग्रॅम कमी झाला तर तो थर १००० घनतेचा, ०.८१ ग्रॅम कमी झाला तर साधारण ६५० चा. मध्यापर्यंत घासत जा आणि वहीत ठिपके जोडा. जाडी मोजताना पाच जागी मोजून सरासरी घ्या. अर्ध्या मिमीच्या थरात ०.०५ मिमीची चूक म्हणजे उत्तरात दहा टक्क्यांची चूक. हात बसला नसेल तर सुरुवातीला एक-एक मिमीचे थर घ्या.

पाण्यात काय होतं

ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या पुरानंतर सांगलीत कुणाला बोर्डाचं फर्निचर विकायला जा, पहिला प्रश्न पाण्याचाच येतो. घट्ट बोर्ड पाण्यात टिकतो, हा समज अर्धवट खरा आहे. घट्ट बोर्डात पाणी हळू शिरतं, हे बरोबर. पण त्यात फायबर जास्त दाबून बसवलेला असतो, आणि एकदा पाणी पोचलं की तो दाबलेला ताण सुटतो. बराच वेळ बुडालेला घट्ट बोर्ड जाडीत जास्त फुगू शकतो, आणि सुकल्यावर मूळ जाडीवर परत येत नाही. तुमच्या तिन्ही बोर्डांचे तुकडे २४ तास पाण्यात ठेवून जाडी मोजा आणि तुकड्याची कड नीट बघा: पृष्ठभागाचे घट्ट थर आणि पोट वेगवेगळं उठलेलं दिसतं. पुराच्या पाण्यात टिकेल असं मात्र कुणाला सांगू नका. यूरिया रेझिनचा कुठलाच बोर्ड त्या कामाचा नाही.

जाड बोर्डाकडे वळताना

दहा मिमीचे बोर्ड सलग एकसारखे यायला लागले की १८ कडे जा. वजन त्याच प्रमाणात वाढतं, मॅट मात्र थंड दाबानंतरही दीडशे मिमीच्या वर जाऊ शकते. वेळ १२ सेकंदांच्या हिशेबाने २१६ सेकंद होतो, पण पोट आता पृष्ठभागापासून जवळजवळ दुप्पट लांब आहे. तिथे उष्णता उशिरा पोचते, म्हणून त्याच वेगाने मिटवलेल्या जाड बोर्डात शिखर आणि खड्डा यांतला फरक आणखी ठळक होतो. इथे टप्प्याने मिटवणं जास्त कामाला येतं.

घड्याळावर विसंबण्यापेक्षा मॅट घालतानाच तिच्या मधोमध थर्मोकपलची (तापमान मोजणारी) वायर ठेवा. पोटाचं तापमान वाढत वाढत १०० च्या थोडं वर येऊन रेंगाळतं. तिथे काही सेकंद स्थिर राहिलं की दाब उतरवायला सुरुवात करायची. वायर बोर्डात चिकटून बसते आणि प्रत्येक वेळी टोक कापून टाकावं लागतं, त्यामुळे तयार प्रोब आणू नका. के-टाइप वायरचा रोल आणायचा, दोन तारांची टोकं सोलून घट्ट पिळायची, की नवीन प्रोब तयार.